पंखा, पाऊस आणि फुकटचा टीव्ही

भाचा नुकताच इथे इंदुरात, सुदामानगरात भाड्याने राहायला आलाय. परवा म्हणाला, "मामा, टीव्हीचं दर महिन्याचं रिचार्ज नको झालंय. तुम्ही काय लावलंय?" माझं दोन्ही लावून झालंय, आधी घरातला अँटेना आणि मग गच्चीवर फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनचं बिनभाड्याचं डीटीएच. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

वाहिन्या मोजत बसलं तर तुलना तिथेच संपते. अँटेनावर दूरदर्शनच्या मूठभर, डिशवर शंभराच्या वर. पण आमच्याकडे दोन्हींचं मूळ कारण क्रिकेट होतं. भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, असा २००७चा कायदा आहे. पुढे २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या टॉवरवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून दाखवायचं. म्हणून पैसे भरून घेतलेल्या कनेक्शनवर सामन्याच्या वेळी डीडी लावलं तर दुसराच काहीतरी कार्यक्रम चालू असतो. फुकटात सामना हवा तर अँटेना लावा नाहीतर फ्री डिश.

अँटेना मला मनापासून आवडला होता, हे आधीच कबूल करतो. २०१६च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने ज्या १६ शहरांत टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यांत इंदूर होतं. माझ्या टीव्हीत ते पकडणारा डीव्हीबी-टी२ ट्यूनर होताच. जेलरोडवरून साडेतीनशेचा छोटा अँटेना आणला, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, स्कॅन केलं आणि चित्र आलं. ना गच्ची, ना मिस्त्री. आणि चित्र असं स्वच्छ की लहानपणी कौलावर चढून "आता? आता?" म्हणून ओरडणारे आमचे काका आठवले. तेव्हा मुंग्या यायच्या, एका माणसाचे दोन दिसायचे, पण आवाज तरी चालू राहायचा. डिजिटलचं तसं नाही. एक तर सगळं येतं, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन चित्र थिजतं आणि आवाजही जातो.

ते थिजणं आमच्या घरात छताच्या पंख्याशी बांधलेलं होतं. रामबागेतलं जुनं घर, जाड भिंती, कोपऱ्यात लोखंडी कपाट. सिग्नल जेमतेम काठावर असावा. पंखा एकवर ठेवला तर चालायचं, तीनवर नेला की चौकोन. आधी विश्वास बसेना, म्हणून मुलाला स्विचपाशी उभं केलं आणि दहा वेळा चालू-बंद करायला लावलं. दहातल्या आठ वेळा तसंच झालं. लहरी पात्यांवरून उलटून येतात आणि पातं फिरतं तशा बदलत राहतात, म्हणून ट्यूनर गोंधळतो, असं मी समजतो. मग माणसांचीही तीच गत. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले की चित्र उत्तम, उठले की गेलं. काही दिवस आम्ही बाबांना त्याच खुर्चीत बसवायचो. त्यांनाही आधी गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली.

१० जुलै २०१९. मँचेस्टरचा उपांत्य सामना, न्यूझीलंडविरुद्ध, पावसामुळे दुसऱ्या दिवशी गेलेला. जडेजा आऊट झालेला, धोनी क्रीजवर. आमच्याकडे पंखा बंद, सगळे घामाने निथळतायत, पण कोणी हलत नाही. एकोणपन्नासाव्या षटकात धोनी दुसरी धाव घ्यायला वळला आणि त्याच क्षणी आई स्वयंपाकघरातून येऊन "काय रे हे, उकडून मराल" म्हणत पंख्याचं बटण दाबून मोकळी झाली. धोनी क्रीजबाहेर, बॅट पुढे काढलेली, आणि तिथेच थिजला. गप्टिलचा चेंडू यष्टीला लागला हे शेजारच्या घरातून आलेल्या "अरे यार" वरून कळलं. आईला कोणी काही बोललं नाही, पण जेवायला बसेपर्यंत कोणी कोणाशीच बोललं नाही.

त्या महिन्याअखेरीस डिश लावली. महाराणी रोडवरून सगळं सामान, डिशवाल्याची मजुरी धरून दीड हजाराच्या आसपास गेलं असेल. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे इंदूरहून आग्नेयेला, बऱ्यापैकी उंच. त्या दिशेला पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याचं झाड नको, बाकी काही लागत नाही. महिन्याचं भाडं शून्य. बॉक्स नव्या एमपीईजी-४ पद्धतीचा घ्यावा, जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, त्यामुळे आज असलेली उद्या जाते. मधूनमधून पुन्हा ट्यून करायचं, एवढाच उद्योग.

डिशचं वैगुण्य पाऊस. जुलै-ऑगस्टात काळंभोर आभाळ वाकलं की दहा-पंधरा मिनिटं पडद्यावर "सिग्नल नाही". अँटेनाला पावसाचं काही वाटत नसे. डिश लावली त्या पावसाळ्यात दोन-तीनदा मी गुपचूप केबल बदलून, पंखा बंद करून, अँटेनावर सामना पाहिलाही. पण पावसाच्या नावाने बोटं मोडता येतात, आईच्या नावाने नाही. शिवाय डिशवर सह्याद्री आहे. सातच्या मराठी बातम्या इंदुरात बसून ऐकायला मिळतात, हे बाबांच्या दृष्टीने क्रिकेटपेक्षा मोठं. अँटेनावर ती वाहिनी मला कधी दिसली नाही.

तिसऱ्या मजल्यावर खोली असेल, खिडकी मोकळी असेल आणि गच्चीची किल्ली घरमालकाकडे असेल, तर अँटेना वाईट नाही. एकटा राहणारा माणूस पंखा आणि सामना यांचं काय ते आपलं आपण ठरवेल. भाच्याला मात्र मी घरमालकाशी गच्चीबद्दल बोलून ठेव, असंच सांगितलं. तरीही त्याला अँटेनाच हवा असेल तर दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात पाच-साडेपाच इंच तांब्याची तार खुपसून, खिडकीशी नेऊन, एकदा स्कॅन करून बघावं. काहीच आलं नाही तर साडेतीनशेचा अँटेना घेण्याआधी पुन्हा विचार करावा. काही आलं, तर पंखा तीनवर करून परत बघावं.