एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी: डिजिटल सही झकास, बँक खात्याची रडकथा

परदेशात राहून स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांमध्ये एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीचा विषय हटकून निघतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेली ही सरकारी योजना. कार्ड मिळालं म्हणून तिथे राहता येत नाही, व्हिसा मिळत नाही, कुठल्याही देशात काम करायचा परवाना मिळत नाही आणि करही तिकडे हलत नाही. चिपवाल्या कार्डावर मिळते ती एक डिजिटल ओळख, ऑनलाइन लॉगिन आणि सही करण्यासाठी. तिच्या जोरावर एस्टोनियात कंपनी काढून ती कुठूनही चालवता येते. तेवढ्यापुरतं पाहिलं तर वस्तू फार चांगली आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा: पासपोर्टची प्रत, फोटो, आणि कार्ड कशासाठी हवं ते चार ओळींत. इथे ‘डिजिटल जगाची आवड’ वगैरे लिहू नका. काय विकणार, कोणत्या देशांत, ग्राहक कोण, हे लिहा. छाननी तिथलं पोलीस व सीमारक्षक खातं करतं. कार्ड घरपोच येत नाही. दूतावासात किंवा ठरलेल्या केंद्रावर स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊनच घ्यावं लागतं. म्हणून केंद्र निवडताना प्रवासखर्चाचा हिशेब आधी करावा. अर्ज नामंजूर झाला तर फी परत मिळत नाही.

पाकिटात कार्ड, यूएसबी रीडर आणि पिनचा लिफाफा असतो. पिन १ चार आकडी, लॉगिनसाठी. पिन २ पाच आकडी, सहीसाठी. अडकलेला पिन सोडवणारा पीयूके आठ आकडी. तीनदा चुकलात की पिन अडकतो, मग पीयूके वापरायचा. तोही तीनदा चुकला, तर पुन्हा दूतावासाची वारी. घोळ होतो तो बहुतेकदा घाईमुळे: सहीच्या खिडकीत पिन १ टाकला जातो. डिजिडॉक ४ हे सॉफ्टवेअर आणि ब्राउझरचं वेब ईआयडी एक्स्टेन्शन, दोन्ही लागतात. रीडरचा दिवा लागतो पण कार्ड दिसत नाही, असं झालं तर आधी चिपची बाजू तपासा, मग यूएसबी हब काढून रीडर थेट लॅपटॉपला लावा. एकदा गाडी रुळावर आली की करारावर सही अर्ध्या मिनिटात होते, आणि युरोपियन युनियनमध्ये तिला हातच्या सहीइतकीच कायदेशीर किंमत आहे. स्कॅन, प्रिंट, कुरिअर सगळं बाद. या एका गोष्टीसाठी पैकीच्या पैकी गुण.

कंपनीचा नेहमीचा प्रकार ओयू, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी. नोंदणी व्यवसाय नोंदवहीच्या पोर्टलवर होते, सरकारी शुल्क २६५ युरो. नाव, व्यवसायाचा कोड, भागभांडवल, संचालक, एस्टोनियातला पत्ता, आणि संचालक परदेशात असेल तर तिथला परवानाधारक संपर्क-प्रतिनिधी, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं स्वीकारणारा. पत्ता आणि प्रतिनिधी विकत घ्यावे लागतात, दरवर्षी. जाहिरातीत हा खर्च बारीक अक्षरात असतो, पण हिशेबनिसाचे पैसे धरले की तोच नोंदणीपेक्षा जड जातो.

पूर्वी भांडवल किमान २५०० युरो लागायचं. फेब्रुवारी २०२३ पासून एका सेंटवरही भागतं. पण तो मोह टाळलेला बरा. भांडवल एक सेंट असेल तर हिशेबनिसाच्या पहिल्याच बिलानं कंपनीची निव्वळ मालमत्ता उणे होते. मग कागदोपत्री सारवासारव आली, आणि ग्राहकही नोंदवही उघडून बघतात. पहिल्या काही महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम तरी ठेवावी.

कराची रचना मात्र खरंच वेगळी आहे. नफा कंपनीतच राहिला तर कर शून्य. वाटप केलं तरच कर, आणि २०२५ पासून त्याचा हिशेब २२/७८ असा आहे: १०,००० युरो नफा पूर्ण काढायचा तर २,२०० सरकारला, ७,८०० तुम्हाला. घरभाडं कंपनीच्या खात्यातून भरलंत तर तो धंद्याचा खर्च धरत नाहीत, त्यावर कर लागतो. संचालक म्हणून मानधन घेतलं की एस्टोनियाचा आयकर आला, आणि सहसा ३३ टक्के सामाजिक करही (पेन्शन आणि आरोग्यविम्यासाठीचा). पगार किंवा मानधन दिलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत विवरणपत्र जातं. व्हॅटची नोंदणी असेल तर ते विवरण २० तारखेपर्यंत.

खरी मेख पुढे आहे. तुम्ही राहता त्या देशाचं करखातं विचारतं की काम कुठे बसून होतं, निर्णय कोण आणि कुठून घेतं. एकट्याची कंपनी असेल तर दोन्हीचं उत्तर ‘इथेच’. मग तो देश कंपनीच्या नफ्यावरही हक्क सांगू शकतो. लाभांश तर तुमच्या वैयक्तिक विवरणात दाखवावा लागतोच. त्यात व्हिसा फक्त नोकरीचा असेल, तर स्वतःच्या कंपनीसाठी काम करायची मुभा आहे का हे अर्जाआधी तपासा. कार्ड विकत घेऊन मग सल्लागार शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं.

बँक ही सगळ्यात कच्ची बाजू. एस्टोनियातल्या पारंपरिक बँका तिथला ग्राहक, कार्यालय, असा काहीतरी ठोस संबंध मागतात. कार्डावर भिस्त ठेवून गेलात तर हात हलवत परत. म्हणून बहुतेक जण वाइजसारख्या पेमेंट कंपनीचं खातं काढतात. तिथेही तुमचा राहता देश चालतो का, हे कंपनी नोंदवायच्या आधी पाहावं. खात्याशिवाय कंपनी असली, तरी पत्त्याचं आणि प्रतिनिधीचं बिल येतच राहतं.

सगळे ग्राहक राहत्या देशातच असतील तर या भानगडीत पडू नका, तिथली एकट्याच्या नावावरची साधी व्यवसाय-नोंदणी स्वस्त पडते. सॉफ्टवेअर, डिझाइन, भाषांतर, सल्ला असं काही युरोपभर विकणाऱ्याला, आणि दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणाऱ्याला मात्र हे जमून जातं: बिऱ्हाड हललं तरी कंपनीचं नाव, करार आणि बिलांचे क्रमांक तेच राहतात.

कार्डाची मुदत पाच वर्षं. नूतनीकरण म्हणजे नवा अर्ज, नवी फी. मुदत संपली की सही बंद, आणि कॅलेंडर वर्ष धरणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत सहीनिशी जावा लागतो. मुदत वसंतात संपत असेल तर अर्ज आधीच्या हिवाळ्यातच टाका.