पाडवा ते दिवाळी: जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरसह विंडोज ११ वापरल्याचा अनुभव

गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, आमच्या छापखान्यातल्या मुख्य कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून घेतलं. आता दिवाळी उरकली आहे. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होईल, मग लिहायला वेळ मिळणार नाही. म्हणून या सात महिन्यांत काय चाललं, काय बंद पडलं आणि कशावर काय तोड निघाली ते सगळं लिहून ठेवते.

मी कराडजवळ बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि एखाददुसरा दिवाळी अंक, असं आमचं काम. मशीन २०१९ चं आहे, आठव्या पिढीचा आय-३ आणि ८ जीबी रॅम. पण त्यावर विंडोज १० टाकताना दुकानदाराकडून मुद्दाम ३२ बिटचं (विंडोजचा जुना प्रकार, नवा तो ६४ बिटचा) टाकून घेतलं होतं. ३२ बिटमध्ये त्या ८ जीबीपैकी निम्मीही धड वापरात येत नव्हती, तरी पर्याय नव्हता. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा बिलिंगचा प्रोग्राम डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीतल्या फॉक्सप्रो नावाच्या नोंदी ठेवायच्या साधनावर, १९९८ मध्ये लिहून घेतलेला. पानं लावायचं पेजमेकर ७. आणि डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची चावी) लावल्याशिवाय न चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. हे तिन्ही त्या ३२ बिटवर निमूट चालत होते.

बदलायचं कारण एकच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबणार हे आधीच जाहीर झालं होतं, आणि बँक, जीएसटी, गिऱ्हाइकांचे मेल, सगळं आमच्याकडे त्याच एका कॉम्प्युटरवर. (घरगुती वापराच्या मशीनला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, ज्यांना थोडा अवकाश हवा आहे त्यांनी ती जरूर घ्यावी.) विंडोज ११ मात्र ३२ बिटमध्ये निघतच नाही. आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर वरच्या वर जाता येत नाही, डिस्क कोरी करून नव्याने टाकावं लागतं. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) जाऊन विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीही चालू कराव्या लागल्या, ते दुकानातल्या मुलाने केलं.

तो मुलगा म्हणाला, "ताई, डिस्क फॉरमॅट मारतो, डेटा तेवढा पेन ड्राइव्हवर घ्या." मी नको म्हटलं. नवी एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क) आणली आणि जुनी डिस्क जशीच्या तशी काढून कपाटात ठेवली. या सगळ्या प्रकरणात मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. पेन ड्राइव्हवर फाइली येतात. प्रोग्रामची सेटिंग्ज, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर (त्याला विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम), कुठल्या फोल्डरमध्ये काय होतं याची घडी, हे काही येत नाही.

पहिल्या दिवशी बिलिंगवर क्लिक केलं आणि निळी पट्टी आली: 'धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी'. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये एक्सपी निवडून पाहिलं, विंडोज ९५ निवडून पाहिलं. काही उपयोग नाही, आणि होणारही नव्हता. कम्पॅटिबिलिटी मोड ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामला 'तू जुन्याच विंडोजवर आहेस' असं भासवतो, एवढंच. डॉसचे आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम १६ बिटचे. ३२ बिट विंडोजमध्ये त्यांना चालवणारा एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा, ६४ बिटमध्ये तो नाहीच. प्रोसेसर ६४ बिटच्या पद्धतीने चालत असतो तेव्हा डॉसला लागणारा त्याचा व्हर्च्युअल ८०८६ मोड त्याला वापरता येत नाही. म्हणून सेटिंग बदलून हे सुटत नाही. हे मला चार दिवस डोकेफोड केल्यावर कळलं.

यात एक चकवा आहे. आमच्याकडे बॉर्डर आणि गणपतीच्या चित्रांची एक जुनी सीडी आहे. प्रोग्राम ३२ बिटचा, म्हणजे चालायला हवा होता, पण इन्स्टॉलच होईना. कारण त्या काळी कित्येक ३२ बिट प्रोग्रामचे सेटअप १६ बिटचे असायचे. जुन्या डिस्कवरून अख्खा फोल्डर उचलून नव्या डिस्कवर ठेवला आणि प्रोग्राम सुरू झाला. सगळ्यांच्या बाबतीत असं जमणार नाही, पण हात टेकण्याआधी हे करून बघा.

बिलिंगसाठी शेवटी डॉसबॉक्स-एक्स घेतलं. फुकट आहे. विंडोजच्या आत डॉसचा एक वेगळा कॉम्प्युटर उभा करतं, त्यात आमचा फॉक्सप्रो पहिल्या दिवसापासून बिनबोभाट चालला. छपाई तेवढी अडली. आमचा डॉट मॅट्रिक्स मागच्या जुन्या पॅरलल पोर्टवर होता आणि प्रोग्राम थेट त्या पोर्टवरच लिहायचा. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्टचं काम फाइलमध्ये वळवता येतं, ती फाइल मग आम्ही छापतो. काउंटरवर गर्दी असताना हा एक जादा टप्पा नकोसा होतो, हे खरं.

त्या निमित्ताने २७ वर्षांच्या उधारीच्या नोंदी पहिल्यांदा प्रोग्रामच्या बाहेर उघडून पाहिल्या. फॉक्सप्रोचा डेटा डीबीएफ फाइलींत असतो आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये त्या सरळ उघडतात. पण एक कळकळीची विनंती: मूळ फाइल तिथे सेव्ह करू नका. डीबीएफच्या जोडीला इंडेक्सची वेगळी फाइल असते, कॅल्कला तिचा पत्ता नसतो. बाहेरून ओळी बदलल्या की दोन्हींचा मेळ जातो आणि प्रोग्राम भलत्याच गिऱ्हाइकाचं खातं दाखवायला लागतो. कॉपी करा आणि कॉपीच उघडा.

पेजमेकरबद्दल लोक जेवढं घाबरवतात तेवढं काही झालं नाही. ७ ही शेवटची आवृत्ती २००१ ची, ३२ बिटची, आणि आमच्याकडे ती विंडोज ११ वर चालते आहे. दोन गोष्टींनी मात्र आठवडा खाल्ला. पहिली फॉन्टची. फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केले, वर्डमध्ये दिसले, पेजमेकरच्या यादीत एकही नाही. कारण विंडोज १० च्या मधल्या एका आवृत्तीपासून फॉन्ट नुसता इन्स्टॉल केला की तो त्या एका यूजरच्या खात्यात जातो, आणि जुने प्रोग्राम फक्त विंडोजच्या मूळ फॉन्ट फोल्डरमध्ये बघतात. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडायचं. एवढंच होतं! दुसरी गोष्ट, पेजमेकर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केला की फोल्डरमधून ओढून आणलेली फाइल तो घेत नाही, आणि दुसऱ्या मशीनचा जोडलेला ड्राइव्हही त्याला दिसेनासा होतो. म्हणून तो प्रोग्राम फाइल्समधून काढून सी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये टाकला. तिथे त्याला लिहायला मज्जाव नसतो, मग ॲडमिनची गरजच उरली नाही.

डोंगलचं दुखणं खरं मोठं. डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा होता. प्रोग्राम ३२ बिटचा असला तर ६४ बिट विंडोज त्याला सांभाळून घेतं, ड्रायव्हरला नाही. ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो, शिवाय डिजिटल सही केलेला. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं की तुमची आवृत्ती आम्ही आता बघत नाही, नवी विकत घ्या. आम्ही ती पूर्ण पैसे मोजून घेतली होती, डोंगल अजून शाबूत आहे, सॉफ्टवेअर अजून शाबूत आहे, आणि फक्त मधला एक छोटा ड्रायव्हर नाही म्हणून वीस वर्षांच्या फाइलींना कुलूप. याचा मला मनापासून राग आला आणि अजून आहे. कोणी कोअर आयसोलेशन हे विंडोजमधलं सुरक्षेचं कवच बंद करायचा सल्ला दिला, करून पाहिलं, फरक पडला नाही, लगेच परत चालू केलं. ३२ बिट ड्रायव्हरसाठी तो उपाय नव्हेच, वर सुरक्षा जाते.

इथे कपाटातली डिस्क कामाला आली. ती जुन्या दुसऱ्या मशीनला लावून सुरू केली आणि मायक्रोसॉफ्टच्याच डिस्क२व्हीएचडी या छोट्या मोफत साधनाने अख्ख्या डिस्कची एक फाइल करून घेतली. ती फाइल व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडली. विंडोज ११ च्या एका खिडकीत माझा जुना डेस्कटॉप, तोच खंडोबाचा फोटो, त्याच जागी तेच आयकॉन. यूएसबीच्या सेटिंगमध्ये डोंगलचं नाव जोडलं की ते थेट आतल्या विंडोजला मिळतं, आणि मराठी टायपिंग सुरू. आतल्या विंडोजला वेगळं लायसन्स लागलं, ते घेतलं. त्याचं इंटरनेट कायमचं बंद ठेवलं आहे, कारण त्याला आता अपडेट येत नाहीत. ८ जीबी रॅममध्ये दोन विंडोज ओढताना मशीन रडकुंडीला येत होतं, म्हणून १६ केली. त्यानंतर तक्रार नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. हल्ली मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, म्हणजे युनिकोडमध्ये, सगळीकडे चालणाऱ्या आजच्या प्रमाण सांकेतिक पद्धतीत. तो पेजमेकरमध्ये पेस्ट केला की नुसती प्रश्नचिन्हं. म्हणून कन्व्हर्टरने युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत बदलून घ्यावा लागतो. पूर्वी मी सगळं हातानेच टाइप करायचे, नव्या व्यवस्थेत कन्व्हर्टरवर विसंबले. चारशे पत्रिका छापून झाल्या. मुलीचे काका न्यायला आले, चष्मा वर करून वाचायला लागले आणि थांबले.

"वहिनी, हे सगे'सोयर्यांसह' काय झालंय?"

सोयऱ्यांच्या डोक्यावर रफार! त्याच पत्रिकेत चार ओळी खाली 'दुसऱ्या' मात्र बरोबर. चारशेच्या चारशे पुन्हा छापून दिल्या. काका भला माणूस, एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही. एकाच पानात एक बरोबर आणि एक चूक, असं का?

दोन्ही शब्द एकेक अक्षर सुटं करून पाहिले तेव्हा उलगडलं. मराठीतला हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो ('तऱ्हांनी'मध्येही तोच आहे). एक तऱ्हा म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कन्व्हर्टरला फक्त पहिली माहीत होती. दुसरीतलं न दिसणारं चिन्ह तो टाकून द्यायचा, आणि जोडचिन्ह गेलं की र चा रफार होतो. मजकुराचा अर्धा भाग भाचीने फोनवर लिहिला होता, अर्धा जुन्या पत्रिकेतून चिकटवला होता, म्हणून एकाच पानात दोन्ही. आता कन्व्हर्ट करण्याआधी मी दुसऱ्या तऱ्हेचे सगळे र शोधून पहिल्या तऱ्हेत बदलते आणि मगच पुढे जाते. आपल्या भाषेत या एका अर्ध्या र ने आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना जाते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. हिंदीला याची गरज पडत नाही, म्हणून हिंदी मजकुरावर तपासलेल्या कन्व्हर्टरमध्ये हा दोष कुणाच्या नजरेलाही येणार नाही.

त्या प्रसंगानंतर नवं काम हळूहळू युनिकोडमध्येच करायला घेतलं. यंदाचा दिवाळी अंक इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये केला, दोन महिन्यांचं भाडं भरून, वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट मांडणारी त्यातली सोय) लावून. लहान कामं फुकटच्या स्क्रायबसमध्ये होतात. फॉन्ट मात्र नीट निवडावा लागतो. कित्येक युनिकोड फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो, राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तेच वळण आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी ठरवली की ती आपोआप बदलतात. अंक हातात आला तेव्हा संपादकांनी पहिल्यांदा ल कडेच बोट दाखवलं, आणि ते खूश होते.

स्कॅनर २००८ चा, त्याचाही ६४ बिट ड्रायव्हर निघालेला नाही. व्ह्यूस्कॅन नावाचं विकतचं सॉफ्टवेअर स्वतःच्या ड्रायव्हरने जुने स्कॅनर चालवतं, त्यावर आमचा चालला. पैसे वसूल.

जुन्या साडेतेराशे पेजमेकर फाइलींपैकी नऊशेच्या वर आतापर्यंत आतल्या विंडोजमधून पीडीएफ करून झाल्या आहेत, रोज दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस. ज्या अहवालांचा मजकूर पुन्हा लागतो त्यांचा युनिकोड करून वेगळा ठेवते, तो दोनदा वाचून. डोंगल एकच आहे आणि त्याच्या पिनला आता थोडा ढिलेपणा आला आहे, म्हणून ते मशीनमधून काढतच नाही. बिलिंगचा जुना प्रोग्राम ३१ मार्चपर्यंत चालवायचा आणि १ एप्रिलपासून नवी खाती, असं घरात ठरलं आहे. थकबाकीची यादी कॅल्कमध्ये उतरवायचं काम सध्या मुलाकडे आहे, तो 'प' पर्यंत आला आहे.