पंच-ड्रंक लव्ह : गावच्या सभागृहात लावायचा असेल तर

सात बहिणींचा एकुलता भाऊ म्हटलं की राखीला मनगट भरलेला लाडोबा आठवतो. पॉल थॉमस अँडरसनच्या २००२ सालच्या या सिनेमातला बॅरी नेमका उलटा. बहिणी फोनवर फोन करून, लहानपणचं चिडवणं चारचौघांत उकरून त्याला इतकं पिडतात की एकीच्या वाढदिवसालाच तो घराच्या काचा लाथांनी फोडतो. तुंबलेल्या संडासाचे रबरी दट्टे विकणारा, निळ्या सुटातला हा माणूस अॅडम सँडलरने केलाय. एरवी ज्या रागावर तो हशा घेतो, तोच राग इथे भीतीदायक वाटतो.

सुरुवातीलाच रस्त्यावर कुणीतरी एक हार्मोनियम ठेवून जातं. बांधणी आपल्या भजनी पेटीसारखी नाही, पण जीव तोच, भात्यात. भाता फाटला की हवा पळते, पट्टी दाबली तरी सूर कुंथतो. बॅरी त्यावर टेप मारतो. भजन मंडळातला कुणीही सांगेल, घडीवरची टेप टिकत नाही. उघडझाप झाली की कडा सुटतात. तिथे पातळ चामडं सरसाने चिकटवावं लागतं. पण हा गडी स्वतःलाही टेपच मारत जगतोय, म्हणून ते दृश्य नेमकं बसतं.

खरी कमाल आवाजाची. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन नटाला उचलून धरतो. इथे संगीतकार जॉन ब्रायनचा ठोका संवादाच्या अंगावर येतो, मुद्दाम. बॅरीच्या डोक्यातली गर्दी ती. म्हणून व्हॉल्यूम फोनवरच्या हळू बोलण्यावर ठरवू नका. पहिल्या काही मिनिटांत एक गाडी उलटते, त्या दणक्यावर ठरवा, नाहीतर टिनाच्या छताखाली कान बसतील. इंग्रजी सबटायटल लावाच.

चित्राची रुंदी-उंची २.३९ला १. दहा फूट रुंद कापडावर उंची जेमतेम सव्वाचार फूट येईल. पडदा भरायला चित्र ताणू किंवा कापू नका. पहिल्याच शॉटमध्ये बॅरी कोपऱ्यात, बाकी रिकामी भिंत. कडा कापल्या तर तोच जाईल. मध्येच नुसते रंगांचे पट्टे वाहू लागतात. तो बिघाड नाही, ती चित्रकार जेरेमी ब्लेकची चित्रं, केबल हलवू नका. हवाई बेटांवरची मिठी पूर्ण सावलीत आहे, व्हरांड्यातला बल्ब बंद हवा.

फुकट विमानप्रवासाचे मैल मिळवायला बॅरी पुडिंगचे कप ढिगाने घेतो, तो भाग मात्र थापा वाटला तरी खरा आहे. दहा बारकोडला ५०० विमान-मैल अशी ती योजना. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने बारा हजारांवर कप घेऊन साडेबारा लाख मैल मिळवले होते. बॅरीला ऐनवेळी कळतं, मैल खात्यात यायला सहा ते आठ आठवडे लागतात! तिकीट शेवटी पैसे मोजूनच.

उणं बोलायचं तर लीना, बॅरीच्या प्रेमात पडणारी बाई. एमिली वॉटसन गोड आहे, पण फोटोत पाहिलेल्या या माणसावर ती का भाळते, हे सिनेमा सांगायच्या भानगडीत पडत नाही. फोनवरची अश्लील सेवा आणि शिवीगाळ आहे, तेव्हा पोरासोरांसमोर नको.

लांबी ९५ मिनिटं. मध्यंतर हवंच असेल तर बॅरी विमानात बसल्यावर घ्या. त्याआधी घेतलं तर चहा पिऊन आलेला माणूस पुन्हा त्या घुसमटीत शिरत नाही.