मूळ मार्क २ घ्यावी की सैनिकाने बदललेली?

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लढाऊ सुरी मार्क २ घ्यायची ठरली की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली सुरी घ्यायची, की कुणा सैनिकाने किंवा जहाजावरच्या कारागिराने मूठ बदलून आपल्या हाताजोगी केलेली, जिला संग्राहक ‘थिएटर नाइफ’ (थिएटर म्हणजे युद्धक्षेत्र) म्हणतात ती? मी दोन्ही बाळगल्या आहेत. पाते तेच, सात इंची, कार्बन स्टीलचे. गंजाची काळजी दोन्हींना सारखीच. फरक आहे तो मुठीत.

मूळ सुरीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. अमेरिकी मरीन कोरने ती १९४२ च्या अखेरीस स्वीकारली, मार्क २ हे नाव नौदलाचे. कॅमिलस, युनियन कटलरी, रोबेसन, पाल असे मोजकेच उत्पादक. सुरुवातीला पात्यावर असणारा शिक्का पुढे गार्डवर, म्हणजे पाते आणि मूठ यांमधल्या आडव्या पट्टीवर गेला, पॉमेल म्हणजे मुठीच्या टोकाची टोपी बसवण्याच्या पद्धतीही बदलत गेल्या. त्यामुळे सुरी युद्धाच्या कोणत्या टप्प्यातली, हे बऱ्यापैकी लावता येते. हा माग काढण्यातला आनंद थिएटर नाइफमध्ये फारसा मिळत नाही. तिथे कारागिराने जुना गार्ड काढून पितळेचा बसवला असेल, तर गार्डवरचा शिक्काही त्याच्याबरोबर गेलेला असतो.

तरीही माझे मन मूळ सुरीवरून उडाले ते चामड्यामुळे. मूठ म्हणजे टँगवर, पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या शेपटीवर, ओवून दाबलेल्या चामड्याच्या चकत्या. ऐंशी वर्षांत चामडे सुकते, आकसते आणि चकत्या सैल होतात. माझ्या पहिल्या सुरीचे पाते सुंदर होते, राखाडी थर जवळजवळ शाबूत. पण हातात घेतली की मूठ बोटभर फिरायची आणि आतून बारीक खडखड यायची. तेल पाजून पाहिले, तर चामडे काळे पडून मऊ झाले, घट्ट काही झाले नाही. नव्या चकत्या घालायच्या तर पॉमेल काढावा लागतो, आणि तो ठोकून बसवलेला असेल तर टँगचे टोक घासल्याशिवाय निघत नाही. म्हणजे दुरुस्ती केली की सुरी ‘मूळ’ राहिली नाही, आणि नाही केली तर प्रत्येक वेळी ती खडखड. तीन वर्षे मी ती सुरी कपाटातून काढायचेच टाळत होतो.

सगळ्याच मुठी अशा होतात असे नाही, चांगल्या जपलेल्या अजून घट्ट मिळतात. पण त्या मिळेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

थिएटर नाइफमध्ये हा पेचच नाही, कारण बदल हाच तिचा इतिहास. विमानाच्या काचेचे प्लेक्सिग्लास (पारदर्शक प्लास्टिक), अॅल्युमिनियम, पितळ, हाताला लागेल ते कापून एकावर एक रचलेले. माझ्याकडच्या दोन्ही मुठी आजही जागच्या हलत नाहीत. प्लेक्सिग्लासला मात्र स्पिरिट लावू नका. मी एकदा पुसायला म्हणून लावले आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा उमटल्या, त्या आजही आहेत.

खरा धोका नकलांचा. जुन्या पात्यावर नवी मूठ चढवणे अवघड नाही, आणि सोबत सांगितली जाणारी लढाईची गोष्ट तपासता येत नाही. मी गोष्ट बाजूला ठेवतो आणि गार्ड व मूठ जिथे भेटतात त्या सांध्यावरून नख फिरवतो. जुन्या कामात तिथे मळ घट्ट बसलेला असतो, कडा हाताळून गोल झालेल्या असतात. यालाही फसवता येते, पण रोज हाताळल्याची झीज हुबेहूब आणणे कष्टाचे आहे.

शिक्के वाचण्याची ओढ असेल तर मूळ सुरी जरूर घ्या, फक्त पैसे देण्याआधी मूठ पिळून पाहा. माझा हात मात्र आता दुसऱ्या खणाकडेच जातो. तिथल्या एका सुरीच्या पितळी गार्डची एक बाजू आरशासारखी घासलेली आहे आणि दुसरीवर कानशीचे ओरखडे तसेच आहेत. करणाऱ्याला तेवढाच वेळ मिळाला असावा.