बोलायचं कुठे, ठरवायचं कुठे?

आमचा मराठी शुद्धलेखन-तपासणीचा प्रकल्प म्हणजे सहा-सात जणांचा कारभार. दोघं हिंजवडीत नोकरी करतात, दोघी कॉलेजात आहेत, बाकीचे जमेल तसे. पगार कुणालाच नाही, त्यामुळे ‘उद्यापर्यंत कर’ असं कुणी कुणाला म्हणू शकत नाही. कुणी आठवडाभर गायब, गणपतीत तर सगळेच. म्हणून बोलण्याची ऑनलाइन जागा निवडताना मी एकच पाहतो: आठवड्याने उगवलेल्याला ‘काय ठरलं रे?’ असं विचारावं लागतं का?

फोनवरचा रोजचा ग्रुप इथे सपशेल नापास. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तपासणी मात्र त्यांना वेगवेगळे शब्द समजते. शब्दयादीत फक्त ऱ ठेवायचा आणि दुसरं रूप हनस्पेलच्या (शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आयकॉन्व्ह नियमाने, म्हणजे तपासण्याआधीच, बदलून घ्यायचं, असं आम्ही ठरवलं. रात्री साडेअकराला, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली. दोन महिन्यांनी नव्याने आलेल्या मुलीने दुसऱ्या रूपाचे शब्द रात्र जागून हाताने भरले. तिची काय चूक? केकच्या खाली काय दडलंय ते तिला कोण सांगणार होतं!

स्लॅक हे कामाच्या गप्पांचं अॅप ऑफिसमुळे हाताला बसलेलं असतं, पण २०२२ पासून त्याच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. सवडीने चालणाऱ्या कामात तीन महिने म्हणजे काहीच नाही. डिस्कॉर्ड हे गप्पांचं अॅप कॉलेजच्या मुलांना शिकवावं लागत नाही, बोलून काम करायलाही झकास. पण आतली चर्चा लॉगिनशिवाय वाचता येत नाही, आणि तुमचाच प्रश्न पडलेल्या परक्या माणसाला ती शोधूनही सापडत नाही.

खरी चुरस मेट्रिक्स आणि झूलिप या गप्पांच्या दोन मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) व्यवस्थांमध्ये.

मेट्रिक्सचं मोठं सुख म्हणजे एकाच खात्यावरून अनेक प्रकल्पांच्या खोल्यांत जाता येतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०२० मध्ये आयआरसी ही गप्पांची जुनी व्यवस्था सोडून हीच वाट धरली, लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारं केडीईसुद्धा तिथेच बोलतं. तुमची माणसं चार प्रकल्पांत पाय ठेवून असतील तर हा मुद्दा जड आहे. मात्र एन्क्रिप्शन (मेसेज कुलूपबंद ठेवणं) चालू असलेल्या खोलीत फोन बदलताना किल्ली जपली नाही, तर जुने मेसेज उघडत नाहीत. उघड्यावर चालणाऱ्या प्रकल्पाला ते कशाला हवंय? बंदच ठेवा. आणि आयआरसीवाल्यांशी पुलावरून बोलू, असं गृहीत धरू नका; लिबेरा चॅट या आयआरसीच्या जाळ्याकडे मेसेज पोचवणारा मेट्रिक्सचा मोठा पूल २०२३ मध्येच बंद झाला.

झूलिपमध्ये चर्चा चॅनेलबरोबरच विषयांतही वाटलेली असते. पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरतात, ‘एवढ्याशा ओकेला कसला विषय?’ पण ‘दऱ्या: कुठला र?’ असा विषय एकदा पडला की त्याखाली फक्त तेवढंच राहतं. वाट चुकलेला मेसेज उचलून योग्य विषयात टाकता येतो, काम झालं की विषयावर बरोबरची खूण करता येते. चॅनेल लॉगिनशिवाय वाचायला खुलं ठेवता येतं, आणि मुक्तस्रोत प्रकल्पांना त्यांची क्लाउड सेवा मोफत मिळते. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची मंडळी इथेच असतात. खोट एवढीच, की प्रत्येक संस्थेसाठी वेगळं खातं काढावं लागतं. तिथे मेट्रिक्स जिंकतं.

मी झूलिप घेईन. ठरलेलं मात्र तिथेही सोडणार नाही. दोन ओळी इश्यूत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडजवळच्या कामांच्या नोंदीत, लिहायच्या, चर्चेचा दुवा द्यायचा. दुसऱ्या प्रकल्पाचा माणूस तुमच्या गप्पा वाचायला येत नाही, तो इश्यू उघडतो.

युरोपातल्यांबरोबर कॉल असेल तर वेळ यूटीसीत, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक वेळेत, लिहा. बर्लिनचे संध्याकाळचे पाच उन्हाळ्यात आपले साडेआठ असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि तेच पाच साडेनऊ होतात. फोनवरचा ग्रुप आम्ही मोडला नाही. शनिवारी मिसळ कुठे खायची, हे अजून तिथेच ठरतं.