मायनरचा सेल्फ: जुना लुकासच करून घ्यायचा की गियरवाला नवा बसवायचा?

मॉरिस मायनर किंवा त्या काळातली कुठलीही लुकासवाली (लुकास या ब्रिटिश कंपनीचं इलेक्ट्रिकल सामान असलेली) गाडी दारात असली की हा प्रश्न येतोच, सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारला की नुसतं टक्क, आणि मेकॅनिक लगेच म्हणतो हे काढून टाका, गियरवाला (आत गियर असलेला नवा सेल्फ) बसवू. थांबा जरा. बऱ्याचदा दोष सेल्फचा नसतोच.

हेडलाईट लावून सेल्फ मारून बघा. लाईट होते तसेच राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे स्विच किंवा वायर बघा (जुन्या मायनरला ती ओढायची नॉब असते, तिचे पॉइंट जळतात). लाईट एकदम मंद झाले तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, नाहीतर पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) रिंग गियरमध्ये (फ्लायव्हीलवरची दातेरी कडी) अडकलाय. अडकला असेल तर इग्निशन बंद करून टॉप गियरमध्ये गाडी मागेपुढे हलवा, सुटतो. मोटर नुसती घूं करून फिरतेय आणि इंजिन हलत नाही तर बेंडिक्स (पिनियन सरकवून इंजिनला गुंतवणारा भाग) चिकटलाय. मग मल्टिमीटर घ्या, सेल्फ मारताना बॅटरीच्या पोस्टपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या वर ड्रॉप (व्होल्टेजची घट) दिसला तर केबल किंवा स्विच गेलाय, आणि हेच माप इंजिनच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ पोस्टपर्यंतही घ्या. इंजिन रबर माउंटवर असतं, त्याची अर्थची पट्टी मुंबई-कोकणच्या हवेत गंजली की करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो, सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर समजून जा, सेल्फला हातही लावू नका.

आता खरंच सेल्फ गेलाय असं धरू. जुना करून घेण्यात खर्च कमी, कार्बन, बुश, बेंडिक्सची स्प्रिंग एवढंच बहुतेक वेळा. पण करणारा माणूस जाणता हवा. डायनामोच्या (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) सवयीने कम्युटेटरच्या (ज्यावर कार्बन घासतात तो भाग) तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खोल कोरतात, लुकासच्या या सेल्फला तो कोरायचा नसतो, नुसता लेथवर साफ करायचा. नवा ब्राँझ बुश बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजत ठेवायचा. आणि बेंडिक्सला ग्रीस अजिबात नाही हं, क्लचची धूळ बसून तोच परत चिकटतो, रॉकेलने धुवा आणि कोरडा ठेवा.

गियरवाला हलका, करंट कमी खातो, इंजिन जोरात फिरवतो, थंडीत किंवा कम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनला फरक कळतोच. पण घोळ दोन आहेत आणि दुकानदार दोन्ही सांगत नाही. एक, मायनर पॉझिटिव्ह अर्थची गाडी, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. जुन्या सेल्फमध्ये फील्ड कॉइल (करंटने चुंबक होणारी गुंडाळी) असते, त्याला पोलॅरिटीने फरक पडत नाही, पण नव्यातले बरेच पर्मनंट मॅग्नेटवाले (कायमच्या चुंबकाचे) असतात, ते उलटे जोडले की उलटेच फिरतात. दोन, जुन्याचा आणि प्री-एंगेज्डचा (गियरवाले बहुतेक याच प्रकारचे, पिनियन आधी गुंततो, मग मोटर फिरते) पिनियन रिंग गियरमध्ये विरुद्ध बाजूंनी शिरतो, त्यामुळे दातांचा उतार चुकीच्या बाजूला येतो आणि मग दात खातात. जुन्या रिंग गियरसाठीच केलेला आहे का ते विचारूनच पैसे द्या, कारण रिंग गियर बदलायचा म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणं आलं.

माझं मत विचाराल तर गाडी रॅलीला न्यायची, रविवारी काढायची असेल तर जुनाच करून घ्या. 2021 च्या नियमातही 50 वर्षांपुढची, मूळ रूपात ठेवलेली गाडीच व्हिंटेज धरलीय, मग कशाला छेडछाड. रोज चालवताय, इंजिन ट्यून केलंय किंवा गाडी आधीच निगेटिव्ह अर्थ केलीय, तर गियरवाला घ्या, जुना गुंडाळून माळ्यावर ठेवा. आणि त्यासाठी पोलॅरिटी बदलणार असाल तर डायनामो परत पोलराइझ (बॅटरीचा करंट क्षणभर देऊन नव्या पोलॅरिटीला) करून घ्या, नाहीतर चार्जिंग होणार नाही, बॅटरी उतरेल आणि शिव्या नव्या सेल्फला बसतील.