एक्स-रे आणि सीटी वाचताना एआय: वर्षभराच्या वापरानंतर

छातीचे एक्स-रे आणि डोक्याचे सीटी स्कॅन यांच्यासाठी आमच्या विभागात एआय सॉफ्टवेअर सुरू झालं, त्याला आता वर्ष होत आलं. मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज त्याच्याबरोबर काम करते. विकत घेण्याच्या विचारात असलेले सहकारी नेहमी एकच विचारतात: ते बरोबर सांगतं का? माझ्या मते या प्रश्नाला दुसरा क्रमांक द्यावा. पहिला प्रश्न असा की त्याचं उत्तर तुम्ही कधी बघता, स्वतः फिल्म वाचण्याआधी की नंतर.

व्यवस्था साधी आहे. स्कॅन पॅक्समध्ये, म्हणजे प्रतिमा साठवून दाखवणाऱ्या संगणक व्यवस्थेत, आला की त्याची एक प्रत सॉफ्टवेअरकडे जाते आणि काही मिनिटांत उत्तर परत येतं. संशयाच्या जागेभोवती चौकट किंवा रंगीत पट्टा, शेजारी 0 ते 100 मधला एक आकडा, आणि वर्कलिस्टमध्ये, म्हणजे वाचायच्या स्कॅनच्या यादीत, त्या नावापुढे लाल खूण.

डोक्याच्या सीटीसाठी मी त्याला मनापासून पूर्ण गुण देते. पूर्वी यादी आल्या क्रमाने चालायची. 'अर्जंट' लिहिलेले स्कॅन वर जायचे खरे, पण रात्री जवळजवळ प्रत्येक स्कॅनवर अर्जंट लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या शब्दाला अर्थच उरत नाही. आणि रक्तस्राव नेहमी अर्जंट पेशंटमध्येच सापडतो असंही नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजोबांना 'हल्ली विसरतात' म्हणून साधा स्कॅन सांगितलेला असतो, आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं निघतं. असा स्कॅन यादीत खाली पडून राहायचा, आता काही मिनिटांत वर येतो. स्ट्रोकमध्ये मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब 2006 मध्ये मांडला गेला. अशा बंद वाहिनीचा संशय येताच तज्ज्ञाच्या फोनवर सूचना पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, 2018 मध्ये परवानगी दिली. त्याचंही काम निदान करण्याचं नाही, योग्य माणसाचं लक्ष लवकर वेधण्याचं आहे.

इथेही ते चुकतं. मेंदूच्या मधल्या पडद्यातलं कॅल्शियम, मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया या भागातलं कॅल्शियम, कवटीच्या तळाशी हाडांमुळे उमटणारे पट्टे, पेशंट हलल्याने झालेली धूसरता, या सगळ्यांना ते कधी ना कधी रक्त म्हणालं आहे. पण या चुकीची किंमत काय? एक स्कॅन रांगेत विनाकारण पुढे आला, मी उघडला, काही नाही म्हटलं आणि पुढे गेले. काळजी वाटते ती रांगेत मागे ढकलल्या गेलेल्यांची. लाल खूण नसलेला स्कॅन पुन्हा पुन्हा खाली सरकत राहतो, आणि सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटलेला रक्तस्राव नेमका त्यांतच असतो. म्हणून खूण नसलेल्या स्कॅनलाही आम्ही वेळेची मर्यादा घातली. ती उलटली की तो आपोआप वर येतो. सॉफ्टवेअरसोबत ही सोय आली नव्हती, आम्ही ती मागून घेतली. तुम्हीही मागा.

छातीच्या एक्स-रेचा अनुभव संमिश्र आहे. हृदयाच्या सावलीमागची गाठ, गळपट्टीच्या हाडाआड लपलेली छोटी न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याची) रेघ, दमल्या डोळ्यांना निसटणाऱ्या अशा गोष्टी त्याने दाखवल्या आहेत. क्षयरोगाच्या तपासणीत या तंत्राला जागतिक आरोग्य संघटनेनेही जागा दिली आहे. 15 वर्षांवरील व्यक्तींच्या छातीच्या फिल्मवर, चाळणी म्हणून, माणसाच्या वाचनाऐवजी असं सॉफ्टवेअर चालेल, अशी शिफारस तिने 2021 मध्ये केली. जिथे फिल्म निघते पण वाचणारा कोणी नाही, तिथे हा फार मोठा फरक आहे.

पण तेच सॉफ्टवेअर स्तनाग्राच्या सावलीला गाठ म्हणतं. आयसीयूतल्या झोपलेल्या पेशंटच्या पोर्टेबल फिल्मवर त्वचेच्या घडीला न्यूमोथोरॅक्स म्हणतं. आणि हेल्थ चेकअपच्या दिवशी चौकटींचा नुसता पाऊस पडतो, वॉर्डच्या फिल्मवर मात्र त्याच चौकटी बऱ्याचदा खऱ्या निघतात. सहकाऱ्यांना वाटायचं, सॉफ्टवेअर लहरी आहे. ते लहरी नाही, कागदावर आकडेमोड करून बघा. धरून चालू की ते 100 आजाऱ्यांपैकी 95 पकडतं आणि 100 निरोग्यांपैकी 90 जणांना बरोबर सोडतं. चेकअपला आलेल्या 1000 माणसांत आजारी 20 असतील, तर 19 सापडतील आणि निरोगी 980 पैकी 98 जणांवरही खूण पडेल. म्हणजे 117 खुणांतल्या जेमतेम 16 टक्के खऱ्या. वॉर्डात 1000 पैकी 200 आजारी असतील, तर 190 खऱ्या आणि 80 खोट्या, म्हणजे 70 टक्के खऱ्या. माहितीपत्रकात आकडे एकच छापलेले असतात, अनुभव मात्र समोर कोणाची फिल्म आहे यावर ठरतो. खरेदीच्या बैठकीत हा हिशोब फळ्यावर मांडायलाच हवा.

माहितीपत्रकातले आकडे जपून घ्यायला आणखी एक कारण आहे: ही सॉफ्टवेअर कशावरून शिकतात ते नेहमी कळत नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने 1,12,120 छातीच्या फिल्म संशोधनासाठी खुल्या केल्या, आणि त्यांवर पुष्कळ काम झालं. त्यांची लेबलं मात्र जुन्या रिपोर्टांच्या मजकुरातून संगणकाने काढलेली होती. शिवाय त्यांतल्या न्यूमोथोरॅक्सच्या बहुतेक फिल्ममध्ये ती हवा काढायची उपचाराची नळी आधीच घातलेली होती. अशा फिल्मवर शिकलेलं मॉडेल नळी असलेल्या पेशंटमध्ये उत्तम चाललं आणि नळी नसलेल्यांत बरंच घसरलं. मदत तर नळी नसलेल्यालाच हवी असते! 2018 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल फिल्म कोणत्या रुग्णालयातून आली हेच ओळखायला शिकलेलं आढळलं, कारण एका रुग्णालयात न्यूमोनियाचं प्रमाण दुसऱ्यापेक्षा खूप जास्त होतं.

याची झळ आम्हालाही लागली. मध्यंतरी एक्स-रेचं नवं मशीन आलं. त्याच्या प्रतिमांचा पोत जुन्या मशीनपेक्षा किंचित वेगळा. माणसाला तो फरक जाणवायचाही नाही, पण त्या खोलीतल्या फिल्मवर खुणा एकदम वाढल्या. पुढे सॉफ्टवेअरचं अपडेट आलं आणि खूण पडण्याची पातळी बदलली, तीही आम्हाला न कळवता. हे लक्षात आलं ते केवळ आम्ही मतभेदांची वही ठेवतो म्हणून. जिथे सॉफ्टवेअर आणि रिपोर्ट जुळत नाहीत, ती प्रत्येक केस वहीत जाते आणि महिन्यातून एकदा सगळे मिळून बघतो. वर्षभरात सर्वांत जास्त शिकवलं असेल तर या वहीनं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. 2023 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 27 रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) वाचायला दिले, सोबत एआयचं म्हणून एक मत दाखवलं, आणि काही ठिकाणी ते मुद्दाम चुकीचं ठेवलं. मत बरोबर असताना अनुभवी लोक सुमारे 82 टक्के वेळा बरोबर होते. चुकीचं असताना तेच लोक 45 टक्क्यांवर आले, आणि नवखे 80 टक्क्यांवरून थेट 20 टक्क्यांच्या खाली. हे वाचल्यावर मी विभागात आग्रह धरला की चौकट मुळात बंद ठेवायची. फिल्म स्वतः वाचायची, रिपोर्टचा मसुदा करायचा, मग बटण दाबून चौकट बघायची. काही सेकंद जास्त जातात. काहींनी कुरकुर केली, एकाने तर 'मग हे घेतलं कशाला' असंही विचारलं. पण दोन स्वतंत्र मतं मिळणं हाच तर त्याचा उपयोग. चौकट आधी पाहिली की माझं मत स्वतंत्र राहत नाही, डोळा चौकटीत जातो आणि फिल्मचा उरलेला भाग घाईत उरकला जातो.

रेसिडेंट डॉक्टरांबद्दल तर मी जास्तच कडक आहे. ज्यांची नजर अजून तयार व्हायची आहे, त्यांनी पहिल्या वर्षात चौकट बघूच नये. हजारो नॉर्मल फिल्म स्वतः न बघता नॉर्मल म्हणजे काय हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय सॉफ्टवेअरला 'तू चुकतोयस' म्हणायची ताकद येत नाही.

सर्वांत जास्त जपायचं ते हिरव्या 'नॉर्मल' शिक्क्याला. सॉफ्टवेअरला ठरावीक यादीतल्या गोष्टी शिकवलेल्या असतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत खांद्याच्या हाडातला डाग नाही, चुकून श्वासनलिकेत गेलेली पोटाची नळी नाही, छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याखालची हवा नाही. अशा फिल्मवरही शिक्का हिरवाच येतो. त्याचा अर्थ 'यादीतलं काही सापडलं नाही' इतकाच, पण वॉर्डात तो 'सगळं ठीक' असा वाचला जातो. पेशंटची जुनी फिल्मही ते बघत नाही, आणि आमचं निम्मं काम तुलनेचंच असतं. मागच्या वर्षीही तशीच असलेली सावली आणि दोन महिन्यांत वाढलेली सावली त्याला सारखीच.

वॉर्डाचा विषय निघाला म्हणून एक रात्र सांगते. सुरुवातीला सॉफ्टवेअरची रंगीत प्रतिमा सगळ्यांना लगेच दिसायची, माझ्या रिपोर्टच्याही आधी. एका रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरचा फोन आला, 'मॅडम, न्यूमोथोरॅक्स दाखवतंय, नळी घालायची तयारी करतोय.' फिल्म उघडली तर ती रेघ छातीच्या बाहेर काखेपर्यंत गेलेली, आणि तिच्या पलीकडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत होत्या. त्वचेची घडी होती. त्याने फोन केला म्हणून पेशंटची नळी टळली. दुसऱ्याच दिवशी आम्ही ती प्रतिमा सही झालेल्या रिपोर्टच्या आधी बाहेर दिसणं बंद केलं.

वेळ वाचतो का? वाचनात फारसा नाही. गाठींची मापं घेताना आणि मुलांच्या हाताच्या फिल्मवरून हाडांचं वय काढताना थोडाफार वाचतो. एमआरआयमध्ये कमी माहितीतून प्रतिमा उभी करणाऱ्या एआयने मात्र स्कॅनचा वेळ खरोखर कमी झाला आहे. पाठदुखीने सरळ झोपता न येणाऱ्या माणसाला त्याचं मोल विचारा.

मॅमोग्राफी मी स्वतः या सॉफ्टवेअरवर करत नाही, पण तिथला एक निकाल मला दिशा दाखवणारा वाटतो. स्वीडनमध्ये 80 हजारांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली, तिचे पहिले निकाल 2023 मध्ये आले. एआयने धोक्याची पातळी सांगायची, त्यावरून फिल्म एकाने वाचायची की दोघांनी हे ठरायचं. वाचनाचं काम 44 टक्के कमी झालं आणि कर्करोग नेहमीच्या पद्धतीतल्या 203 च्या जागी 244 सापडले. याउलट 1998 पासून मॅमोग्रामवर खुणा करणारी जी जुनी संगणकीय पद्धत होती, तिने वाचनाची अचूकता उलट घटल्याचं 2007 मधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. नवं तंत्र जुन्यापेक्षा खूप सरस आहे हे खरंच, पण स्वीडनमध्ये त्याला कामही वेगळं दिलं होतं: कोणाची फिल्म किती डोळ्यांनी बघायची, हे लावून देण्याचं.

कराराची मुदत वाढवताना आम्ही तीन अटी लेखी घेतल्या. अपडेटआधी कळवायचं आणि आमच्या जुन्या फिल्मच्या संचावर ते चालवून दाखवायचं. 'नॉर्मल' शिक्का काढून तिथे तपासलेल्या गोष्टींची यादी छापायची. आणि चौकट बंद ठेवण्याची सोय कायम राहायला हवी. डोक्याच्या सीटीसाठी आम्ही पूर्ण मुदत घेतली, छातीसाठी निम्मीच. लहान मुलांच्या छातीच्या फिल्म त्याच्याकडे पाठवणं बंदच ठेवलं आहे, कारण त्याला परवानगी प्रौढांपुरतीच आहे.